भर पावसात जळलेली पडवी : मालवणाकडच्या एका घरगुती वेल्डिंग शॉपचं प्रकरण

मालवण तालुक्यात खाडीकाठच्या एका वाडीत, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री एक-सव्वाच्या सुमाराला एका घराची पडवी जळाली. पडवीत वेल्डिंगचं शॉप होतं. त्या दिवशी सकाळपासून पाऊस हटलाच नव्हता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो फिरायला लागले तेव्हा अर्ध्या लोकांना खरंच वाटेना, "पावसात खंय आग लागता रे?" असंच सगळे विचारत होते, आणि उरलेल्या अर्ध्यांनी जागेवर न जाताच निकाल देऊन टाकला की शॉर्टसर्किट. आपल्याकडे कुठे काही जळलं की शॉर्टसर्किट हे ठरलेलंच. इथे ते नव्हतं, आणि का नव्हतं ते पुढे येईलच.

ज्यांची पडवी त्यांना आम्ही सगळे भाई म्हणतो, नाव देत नाही, त्यांनीच सांगितलंय की नाव नको पण बाकी सगळं लिही. मी स्वतः कुडाळ बाजूला फॅब्रिकेशनच्या लाईनमध्ये आहे, लांबचं नातं पण आहे, दुसऱ्या दिवशी आवराआवरीला गेलो होतो. राख उपसायच्या आधी जागा नीट बघायला मिळाली म्हणून हे लिहिता येतंय. कोणाला दोष द्यायला लिहीत नाहीये, भाई वीस-पंचवीस वर्षांचा पक्का कारागीर माणूस आहे, त्याच्या हातचा वेल्डचा जोड बघितला तर मशीनने मारल्यासारखा असतो.

जागा आणि सीझन

घर जुनं, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं, कौलारू. बाजूची पडवी साधारण दहा बाय अठरा फूट. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा पडवीची अर्धी कौलं उडाली, तिथे भाईंनी बॉक्स पाईप मारून पत्रा घातला, उरलेल्या अर्ध्यावर अजून जुने वासे, रिपा, कौलं. पत्र्याच्या बाजूला वेल्डिंगचं टेबल, कौलांच्या बाजूला वर माळा.

आता खरी गंमत अशी की उन्हाळ्यात हे शॉप पडवीत नसतंच. ऑक्टोबर ते मे सगळं काम बाहेर खळ्यात. उघड्यावर, खाली मातीची जमीन, ठिणगी उडाली तर फार फार तर तुळशीपर्यंत जाईल. जून लागला की मशीन आत, टेबल आत, सिलेंडर आत. आणि फक्त शॉपच आत येत नाही ना, घरातलं जे जे म्हणून भिजू नये ते सगळं त्याच पडवीत येतं. चुलीची लाकडं, नारळाच्या सोडणांचा ढीग, चुडतं म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या, गुरांचा पेंढा माळ्यावर, भाताच्या तुसाची पोती, जुनी नायलॉनची जाळी, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, दोन मोटारसायकली टाकीत पेट्रोलसकट. वरून पावसाची झड आत येऊ नये म्हणून उघड्या बाजूला निळं प्लॅस्टिक ताणून बांधलेलं. म्हणजे ज्या चार महिन्यांत आपण म्हणतो की सगळं ओलंचिंब आहे, आगीची काळजी नाही, त्याच चार महिन्यांत घरातला सगळ्यात सुका आणि सगळ्यात जळाऊ माल वेल्डिंगच्या टेबलापासून सहा-आठ फुटांवर रचलेला असतो. बाहेर पाऊस कितीही पडू दे, पेंढा आत सुकाच आहे, तो सुका राहावा म्हणून तर आत आणला.

आणि काम नेमकं तेव्हाच जास्त. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, ६१ दिवस ट्रॉलर किनाऱ्याला, त्यामुळे विंच, रोलर, शाफ्ट, रडर सगळं याच दिवसांत रिपेअरला येतं. त्याच्या मागोमाग गणपती, चाकरमानी यायच्या आधी गेट, ग्रिल, पत्र्याची शेड सगळ्यांना हवी. सगळ्यांचं काम अर्जंट. भाईंच्या पडवीत त्या आठवड्यात माणसाला उभं राहायला जागा नव्हती असं वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशीचं काम

एका ट्रॉलरच्या विंचचं, म्हणजे जाळं ओढायच्या यंत्राचं, बिडाचं बेअरिंग हाऊसिंग (बेअरिंग बसतं ते घर) आलं होतं, तडकलेलं. वजन साधारण पंधरा किलो. बीड म्हणजे कास्ट आयर्न, ज्यांनी केलंय त्यांना माहितीये की हे साध्या लोखंडासारखं गार गार जोडायला गेलं की वेल्डच्या बाजूला टिण् करून नवीन चीर जाते. म्हणून ते आधी सगळीकडून गरम करायचं, निकेलच्या वेल्डिंग रॉडने वेल्डचे छोटे छोटे तुकडे मारायचे, प्रत्येक तुकड्यावर गरम असतानाच हातोडीने हलकं ठोकायचं, आणि शेवटी पुन्हा एकदा सगळं गरम करून कशात तरी पुरून ठेवायचं म्हणजे ते रात्रभर हळूहळू निवेल. बरेच कारागीर राखेत नाहीतर सुक्या चुन्यात पुरतात. पद्धत जुनी आहे आणि बरोबर आहे.

भाईंनी एलपीजीच्या हीटिंग टॉर्चने हाऊसिंग तापवलं. किती तापवलं हे कोणालाच माहीत नाही कारण मोजायला काही नव्हतं, ते म्हणाले "काळाच होता, लाल नव्हता." अंधाऱ्या पडवीत लोखंड जरासं लालसर दिसायला लागतं ते साधारण ५०० अंशाच्या वर, म्हणजे त्याच्या खाली असणार एवढंच म्हणता येतं. आपण ३०० धरू. पंधरा किलो बीड ३०० वरून घरातल्या हवेइतकं गार व्हायला जी उष्णता बाहेर टाकतं, तिच्यावर सहा लिटर पाण्याला उकळी येईल. ही उष्णता कुठेतरी जाणार, ती कुठे जाते ते आपण ठरवायचं.

नेहमीचा चुना संपला होता. राख होती पण कमी, चुलीतली दोन घमेली. ड्रम अर्धा पण भरेना. म्हणून राख खाली आणि भोवती, त्यात हाऊसिंग, आणि वरून पोत्यातलं तूस दाबून भरलं. भाईंचं म्हणणं की तूस गरम धरून ठेवतं, आणि ते खरंच धरतं, म्हणून तर ते सुचलं. ड्रम म्हणजे जुना ऑईलचा ड्रम अर्धा कापलेला, बुडाला गंजून पाच-सहा भोकं पडलेली. खाली फणसाची फळी, कारण जमिनीला ओल येते. साडेपाचला हे सगळं करून भाई हातपाय धुवायला गेले.

इथे थोडं थांबतो कारण अख्खं प्रकरण या ड्रममध्येच आहे. तूस भडकन पेटत नाही, त्यात वाळूसारखा सिलिकाचा भाग भरपूर असतो म्हणून ज्वाळा सहज धरत नाही आणि लोकांना वाटतं हे सेफ आहे. पण ते धुमसतं. अडीचशे-तीनशे अंशाचा गरम तुकडा त्यात तासन्तास राहिला तर लगतचं तूस काळं पडत पडत आतून निखारा धरतं, बाहेरचं तूस ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि वर आग दिसत नाही, फक्त एक बारीक धूर. हवा कमी असती तर कदाचित ते आपोआप दमून विझलं असतं. पण बुडाला भोकं. खालून हवा, वर दाबून भरलेलं तूस, मधे गरम लोखंड, नकळत भुशाची शेगडीच तयार झाली की. आपल्या आज्या असल्या शेगडीवर भुसा भरून तासन्तास भात-आमटी शिजवायच्या, इथे ती लाकडाच्या फळीवर ठेवून सगळे झोपायला गेले.

रात्र

पावणेआठला लाईट गेली, वाडीची सगळीच गेली, वारा होता, कुठेतरी फांदी पडली असणार. साडेनऊच्या सुमाराला वहिनींना तूस जळल्याचा वास आला होता. पण घरात चूल आहे, चुलीत तूस घालतातच, वास रोजचाच, त्यात नवल काय. वीज असती आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास आला असता तर त्या लगेच उठल्या असत्या. नुसत्या तुसाचा वास हा घरातल्या माणसाला धोक्याचा वाटतच नाही.

एकच्या पुढे बाजूच्या काकी उठल्या, त्यांना खिडकीतून उजेड दिसला. लाईट नसताना उजेड. त्या ओरडल्या, "अरे भाई, उठ मरे, पडवी पेटली तुझी!" तोपर्यंत फळी जळून ड्रम कलंडला होता, निखारे सोडणांच्या ढिगात गेले होते, सोडणातून प्लॅस्टिकला, आणि प्लॅस्टिक पेटलं की ते थेंबाथेंबाने पेटतं गळतं, जिथे थेंब पडेल तिथे नवीन आग. माळ्यावरचा पेंढा धरला तेव्हा मग काही राहिलं नाही, दहा मिनिटांत कौलं तडकून खाली यायला लागली.

आता पाणी. विहीर घरापासून वीस पावलांवर, भरलेली, हात बुडवला तर पाणी लागेल एवढी. पण पंप विजेवर आणि वीज नाही. रहाट कधीच काढून टाकलेला. शेवटी दोरीला बादल्या बांधून पाणी काढलं आणि त्याहून जास्त उपयोगी पडलं ते पन्हळीखालचं पिंप, दोनशे लिटरचं, काठोकाठ भरलेलं आणि पावसाने सतत भरतच राहिलेलं. जी वाडी वाचली ती त्या पिंपाने. एक छोटा गाडीत ठेवतात तसला पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर होता, पुतण्याने तो मारला, ज्वाळा झटकन बसल्या, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि दोन-चार मिनिटांत परत भडका. यात एक्स्टिंग्विशरचा दोष नाही. कोरडी पावडर ज्वाळा मोडते, पण सोडणाच्या आणि पेंढ्याच्या पोटातला निखारा गार करत नाही. धुमसणाऱ्या मालाला शेवटी पाणीच लागतं, भरपूर, आणि ढीग उपसून उपसून.

नगरपरिषदेच्या बंबाला फोन झाला होता. बंब आला पण वाडीचा रस्ता दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे म्हणजे कुंपणाच्या भिंती, वळणावर गाडी घुसेना, माणसं पाईप खांद्यावर घेऊन चालत आली, तोवर मुख्य आग बसली होती. त्यांनी माळा उकरून उकरून विझवला ते फार बरं केलं, नाहीतर पहाटे पुन्हा पेटलं असतं. घराची मधली भिंत चिऱ्याची म्हणून घर वाचलं. मधल्या दरवाजाची चौकट मात्र अर्धी कोळसा झाली होती, अजून पाव तास आणि मग आत.

ऑक्सिजनचा काळा सिलेंडर आणि स्वयंपाकाचा लाल सिलेंडर दोन्ही पडवीच्या कोपऱ्यात होते, शेजारी शेजारी, एकाच साखळीला. दोन्ही पोरांनी ओढून बाहेर खळ्यात पावसात नेले. असं कोणी करू नये असं सांगणं सोपं आहे, तापलेला सिलेंडर हातात फुटला तर काय, पण त्या वेळी पोरांनी ते केलं आणि त्यांची हिंमत मान्य करायलाच हवी. पुतण्याचा तळहात भाजला, ऑक्सिजनच्या सिलेंडरची टोपी धरली तेव्हा. आजी टूथपेस्ट आणा म्हणत होत्या, काकींनी त्याचा हात धरून सरळ पन्हळीखाली धरला आणि वीस मिनिटं सोडला नाही, पोरगा थंडीने कुडकुडत होता तरी. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी सांगितलं की त्या पाण्यानेच जखम वरवरची राहिली.

शॉर्टसर्किट का नाही

सकाळी सगळे वायर बघत होते. मी पण बघितल्या, का नाही बघणार, पडवीतल्या वायरी आहेतच तशा, अडीच एमएमच्या वायरवर दोनशे अँपियरचं इन्व्हर्टर मशीन आणि त्याच सॉकेटवर ग्राइंडर. पण लाईट पावणेआठपासून नव्हती आणि ती आली दुसऱ्या दिवशी दुपारी. वायरमध्ये वीजच नाही तर शॉर्टसर्किट कुठून होणार. आता कोणी म्हणेल की पावणेआठच्या आधी वायर तापून काहीतरी धुमसत राहिलं असेल, तर तेही बघितलं, बोर्डाच्या भागात लाकूड वरून खाली जळलेलं होतं, म्हणजे आग तिथे वरून, माळ्यावरून आली. तिथून सुरू झाली असती तर उलटं दिसलं असतं.

ग्राइंडरच्या ठिणगीवर मला जास्त संशय होता. ठिणग्या लांब जातात, ही लाईन करणाऱ्या सगळ्यांना माहितीये, अमेरिकेतल्या नियमांमध्ये तर ३५ फूट, म्हणजे जवळजवळ अकरा मीटर, एवढ्या गोलात जळाऊ माल नको असं आहे. भाईंच्या पडवीत टेबलापासून ३५ फुटांचा गोल काढला तर त्यात स्वयंपाकघर, गोठा, आणि काकींची अर्धी पडवी येते, म्हणजे आपल्याकडे तो नियम जसाच्या तसा पाळायचा तर वेल्डिंग करायला समुद्रात जावं लागेल. असो. पण ठिणगीही नव्हती कारण सगळ्यात खाली, सगळ्यात खोलवर जळलेली जागा एकच होती, ती फळी. फळीचा मधला भाग पूर्ण नाहीसा, कडा खालच्या बाजूने कोळशाच्या, आणि त्याच जागेवरून चिऱ्याच्या भिंतीवर काळा पंखा वर पसरत गेलेला. त्या पंख्याचं टोक ड्रमवर.

हाऊसिंग पण सापडलं. भर आगीत पोरांनी ड्रमवर पाणी ओतलं होतं, तापलेल्या बिडावर विहिरीचं पाणी, ते उभं दोन तुकडे झालं होतं. भाईंचा निकेलचा वेल्ड मात्र शाबूत, तुकडा बाजूनेच फुटला. भाई ते हातात घेऊन बराच वेळ बघत होते आणि म्हणाले, "जोड बघ, हलला नाही." एवढं जळून गेलं आणि माणसाला त्याचं.

जे कारण नव्हतं पण होऊ शकलं असतं

आवरताना बाकी ज्या गोष्टी दिसल्या त्या पण सांगतो, कारण या पडवीला आग लागायला तूस नसतं तर दुसरं काहीतरी रांगेत उभंच होतं.

वेल्डिंगचे रॉड सुकवायची व्यवस्था. पावसात आमच्याकडे सगळ्यांचाच हा त्रास, रॉड दमट होतात, फुलतात, मारताना फटफट करतात, वेल्डमध्ये भोकं येतात. भाईंनी पाचशे वॅटचा हॅलोजन दिवा एका लाकडी खोक्यात बसवून त्यात रॉडची पाकिटं ठेवली होती, पुठ्ठ्याच्या पाकिटासकट. हॅलोजनची नळी शेकडो अंश तापते, पुठ्ठा तिला टेकला की संपलं. त्या रात्री लाईट गेली म्हणून हे खोकं निर्दोष सुटलं एवढंच. आणि दुसरं म्हणजे याने रॉड नीट सुकतही नाही. साधा ६०१३ नंबरचा रॉड दमट झाला असेल तर शंभर-सव्वाशे अंशाला तासभर पुरतो, पण ७०१८ म्हणजे लो हायड्रोजन रॉड एकदा ओल प्यायला की तो साडेतीनशे अंशाच्या आसपास तास-दोन तास भाजावा लागतो आणि मग १२०-१५० अंशात गरमच ठेवून एकेक काढायचा असतो. बल्ब लावलेल्या जुन्या फ्रीजची ट्रिक बरेच जण करतात, ती सुका रॉड सुका ठेवायला बरी, ओला रॉड सुकवायला तिचा उपयोग नाही. चुलीच्या वर टांगून तर अजिबात नाही, वरून बोटाला गरम लागतो आणि आत ओल तशीच.

थिनर आणि रेड ऑक्साईड प्रायमर टेबलाखाली. दमट हवेत प्रायमर लवकर सुकत नाही म्हणून त्याच हॅलोजनने सुकवायचे. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, एलपीजी पण तशीच जड, आणि झड येऊ नये म्हणून ताणलेलं ते निळं प्लॅस्टिक जमिनीपर्यंत बांधलेलं. वरून वारा येत असतो, आपल्याला वाटतं हवा खेळती आहे, आणि वाफ पायाशी साचलेली.

अर्थिंगचा क्लॅम्प कधी टेबलाला तर कधी शेडच्या खांबाला लावायची सवय. खांबाला लावला की करंट पत्र्याच्या शेडच्या गंजलेल्या नटबोल्टातून परत जातो आणि जिथे गंज आहे तिथे बोल्ट तापतो, वर, पेंढ्याच्या बाजूला, जिथे कोणाचं लक्ष नसतं. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने एकही बोल्ट दोन वर्षं चांगला राहत नाही हे सांगायला नको. क्लॅम्प जोडायच्या तुकड्यालाच लावायचा, जितका जवळ तितका बरा.

ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला खोबरेल तेलाचे डाग होते. चावी जड फिरते म्हणून कोणीतरी थेंब सोडलेला. ऑक्सिजनचा भरलेला सिलेंडर म्हणजे दीडशे बारच्या आसपास प्रेशर, त्या प्रेशरच्या शुद्ध ऑक्सिजनला तेल किंवा ग्रीस भेटलं की ठिणगीची पण गरज नाही, आपोआप पेटतं. डोक्याला चपचपीत तेल लावून त्याच हाताने रेग्युलेटर बसवणारे मी किती बघितलेत. हे कारण असतं तर आज हे लिहायला भाईंशी बोलता आलं नसतं.

आणि लाल सिलेंडर. घरगुती १४.२ किलोचा सिलेंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे वापरतात. इथे त्याचा परिणाम असा झाला की पंचनाम्याच्या वेळी भाई आधी सिलेंडर लपवायच्या मागे, नुकसान सांगायच्या नाही. घराचा विमा होता, पण त्यात पडवीत धंदा चालतो हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. मशीन, ग्राइंडर, जाळी, गाड्या, यातलं काहीच पदरात पडलं नाही. वीज कनेक्शन पण घरगुतीच.

आता काय बदललं

पहिलं तूस. बीड निववायला आता जाड पत्र्याचा न गंजलेला डबा, झाकणासकट, खळ्यात छपराच्या वळचणीपासून लांब चार चिऱ्यांवर ठेवलेला, वरून पत्र्याचं छोटं छप्पर. आत काय भरायचं यावर आमची बरीच चर्चा झाली. वाळू म्हटलं तर किनाऱ्यावरची वाळू खारट आणि कायम दमट, दमट वाळूत गरम बीड ठेवलं की वाफ होऊन ते एका अंगाने झटकन गार होतं आणि तडकतं, म्हणजे मूळ हेतूच गेला. चुना चांगला, पण विरलेला आणि पूर्ण सुका. कळीचा चुना आणून ठेवला आणि पावसाचं पाणी त्यात गेलं तर तो स्वतःच उकळतो, शंभर अंशाच्या वर जातो, गोणपाट पेटवू शकतो. पावसाळ्यात कळीचा चुना पडवीत ठेवणं म्हणजे एक संकट घालवून दुसरं आणणं. शेवटी नीट चाळलेली, पूर्ण जळलेली राख तीन ड्रम भरून साठवली, काडी-कोळसा काही नको, आणि ती डब्यात बंद. भट्टीला वापरतात ते सिरॅमिकचं पांघरूण मिळतं, तेही भाईंनी मागवलंय, त्यात गुंडाळून ठेवलं की राख पण कमी लागते. तापमान बघायला इन्फ्रारेडची गन घेतलीय, चकचकीत घासलेल्या धातूवर ती कमी दाखवते म्हणून काळ्या भागावर धरायची, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

वेळेचं ठरवलंय. गरम काम दुपारी चारनंतर चालू करायचं नाही. काम संपल्यावर एक तास कोणीतरी तिथेच, हे आता बाहेरच्या नियमातही तसंच आहे, एनएफपीए ५१बी नावाच्या अमेरिकेतल्या आगीच्या सुरक्षेच्या स्टँडर्डमध्ये आधी अर्धा तास होता तो २०१९ च्या आवृत्तीत एक तास केला. पण हा तास ठिणगीसाठी. पुरलेल्या गरम तुकड्याला तासाचा हिशोब लागू नाही, इथे तर पावणेआठ तासांनी ज्वाळा दिसल्या. म्हणून पुरलेला तुकडा आत ठेवायचाच नाही, हा एकच उपाय आहे, बाकी राखण किती वेळ करणार माणूस.

दारात सहा किलोचा एबीसी पावडरचा एक्स्टिंग्विशर आलाय, मशीनजवळ नाही, बाहेर पडायच्या दारात, म्हणजे आगीतून जाऊन तो आणावा लागणार नाही. दमट हवेत पावडर बसते असं म्हणतात म्हणून महिन्यातून एकदा उलटासुलटा करून काटा हिरव्यात आहे का बघायचं काम पुतण्याकडे. पण माझं विचाराल तर एक्स्टिंग्विशरपेक्षा पन्हळीखालची दोन पिंपं आणि विहिरीवर परत बसवलेला रहाट मला जास्त मोलाचा वाटतो. लाईट जाणारच आहे, पहिल्या पावसात जाते, वादळात चार चार दिवस जाते, मग विजेच्या पंपावर आग विझवायचा प्लॅन कसा चालेल.

जळाऊ माल वेगळा करणं सगळ्यात कठीण गेलं. वहिनींचं म्हणणं अगदी बरोबर होतं, पेंढा आणि लाकडं कुठे ठेवू, घरात पलंगाखाली? मग ठरलं की माल हलवण्यापेक्षा शॉप हलवायचं. गड्याच्या जुन्या खोलीची चिऱ्याची भिंत उभी आहे, घरापासून पंधरा-वीस फुटांवर, तीन बाजूंनी चिरा, वर पत्रा, लाकूड कुठेच नाही. तिथे वेगळी केबल, वेगळा मीटर, एमसीबीबरोबर ३० मिलिअँपचा आरसीसीबी म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, कारण ओल्या चपलेने वेल्डिंगचा होल्डर धरणं हा आगीच्या आधीचा धोका. सिलेंडरांना बाहेरच्या बाजूला दोन कप्पे, मधे चिऱ्याची भिंत, ऑक्सिजन एकीकडे आणि गॅस दुसरीकडे, दोन्ही उभे आणि साखळीने बांधलेले. गॅस आता कमर्शियल १९ किलोचा. कागदपत्रं ग्रामपंचायतीत दिली आहेत, धंद्याचा विमा त्यानंतरच मिळेल असं एजंट म्हणाला.

ट्रॉलरवाल्याने काही ओरडा केला नाही, उलट तो रात्री बादल्या ओढायला होता. त्याला सीझन चुकवून चालणार नव्हतं, १ ऑगस्टच्या आत विंच चालू पाहिजे, म्हणून त्याने नवीन हाऊसिंग मागवलं आणि बसवायला भाईंनाच बोलावलं. गणपतीच्या आधीची गेटची कामं माझ्या शॉपमध्ये हलवली आहेत, भाई रोज सकाळच्या एसटीने येतात, नवीन शेडच्या पत्र्यांची ऑर्डर पाऊस कमी झाला की देणार आहेत.